नवीन ऑपरेटिंग सिस्टीममध्ये नवीन असतं तरी काय?

प्रश्न असा आहे: "दर काही वर्षांनी एखादी ओएस येते, सगळं मुळापासून नव्याने केलंय म्हणून गाजते, आणि जरा खोलात शिरलं की आतून तेच प्रोसेस (चालू असलेले प्रोग्राम), तेच फाइल, तेच परमिशन. मग ओएसमध्ये कुणी खरंच नवीन काही शोधतं का? आणि मला स्वतःची छोटी ओएस लिहायची आहे तर आधी जुनं वाचू की कोऱ्या पाटीवर सुरुवात करू?"

आधी पहिल्या भागाचं उत्तर. या क्षेत्रात नव्या कल्पना फार कमी जन्माला येतात आणि जुन्या सहसा मरत नाहीत, नुसत्या पडून राहतात. मेमरी स्वस्त झाली, प्रोसेसरमध्ये एखादी सोय आली, नेटवर्क वेगवान झालं, की कुणीतरी त्यातली एक उचलतं, धूळ झटकतं आणि भलत्याच जागी बसवतं. डोकं लागतं ते काय उचलायचं आणि काय सोडायचं यात. मी बरीच वर्षं कर्नल (ओएसचा गाभा) आणि ड्रायव्हरच्या (एकेक हार्डवेअर चालवणारा कोड) कामात आहे, त्यामुळे याची उदाहरणं द्यायला बसलो की थांबत नाही, उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात युनिक्सपासूनच करू, लिनक्स जिच्या वळणावर बनली ती ओएस, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याबद्दल आहेत. लोकांना वाटतं 1969 मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसनने पीडीपी-7 या छोट्या कॉम्प्युटरवर एकट्याने सगळं शोधून काढलं. पण थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1974 मध्ये युनिक्सवर जो लेख लिहिला त्यात त्यांनी स्वतःच कबूल केलंय की युनिक्सचं यश नवीन शोधांमध्ये फारसं नाही, नीट निवडलेल्या थोड्या कसदार कल्पना पुरेपूर वापरण्यात आहे. आणि मोघम आभार मानून ते थांबत नाहीत, कुठून काय घेतलं ते सांगतात. फोर्क हा कॉल, म्हणजे चालू प्रोसेसची नक्कल काढायला कर्नलला केलेली विनंती, बर्कलीच्या टाइम-शेअरिंग (एक मशीन अनेकांनी वाटून वापरायच्या) सिस्टीममध्ये जवळपास याच रूपात होता. फाइल वाचण्या-लिहिण्याचे कॉल कसे दिसावेत हे मल्टिक्स या आधीच्या ओएसवरून सुचलं. शेल (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) हे नाव आणि त्याचं कामही मल्टिक्सचं. प्रत्येक कमांडसाठी वेगळी प्रोसेस काढायची ही कल्पनासुद्धा मल्टिक्सच्या सुरुवातीच्या डिझाईनमधली, तिथे ती वेगासाठी नंतर सोडून दिली होती आणि युनिक्सने ती उचलली! मल्टिक्स तरी कुठे आभाळातून पडली होती, तिच्या मागे एमआयटीमधली सीटीएसएस होती, फर्नांडो कॉरबातोच्या टीमने नोव्हेंबर 1961 मध्ये दाखवलेली, जिच्यात एका मशीनवर अनेक जण एकाच वेळी काम करायचे, प्रत्येकाच्या स्वतःच्या फाइली होत्या, पासवर्ड होते.

"अमुक तमुककडून घेतलं" एवढं म्हणून मात्र काहीच कळत नाही. घेतलेली कल्पना नव्या मशीनवर बसवताना काय होतं ते बघण्यासारखं असतं, आणि त्यासाठी फोर्कपेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पीडीपी-7 वर सुरुवातीला प्रोसेस मोजून दोन होत्या, दोन टर्मिनल जोडलेली होती आणि प्रत्येकाला एक. कमांड दिली की शेल स्वतःच्याच जागेवर तो प्रोग्राम लोड करायचा, प्रोग्राम संपला की शेल पुन्हा आत यायचा. मेमरी एवढीशी, त्यामुळे एका वेळी एकच प्रोसेस आत आणि दुसरी डिस्कवर, म्हणजे स्वॅपिंगचा कोड आधीपासून लिहिलेला होताच. आता तुम्हाला फोर्क करायचाय, म्हणजे चालू प्रोसेसची हुबेहूब नक्कल काढायची आहे. कसं करणार? जो कोड प्रोसेस डिस्कवर टाकतो तोच चालवायचा, पण टाकल्यावर मूळ प्रोसेस मेमरीत तशीच चालू ठेवायची. डिस्कवर गेली ती झाली नक्कल. प्रोसेस टेबलमध्ये थोडे बदल, की झालं काम. रिचीने नंतर लिहून ठेवलंय की हे सगळं असेंब्लीच्या (प्रोसेसरच्या थेट सूचनांच्या) 27 ओळींत बसलं. म्हणजे आज ज्याला आपण युनिक्सचा मोठा डिझाईन निर्णय म्हणून शिकवतो, की आधी फोर्क मग एक्झेक (नवीन प्रोग्राम लोड करणं) असे दोन वेगळे कॉल, तो त्या मशीनवर सगळ्यात स्वस्तात पडणारा मार्ग होता. शेलला नवीन प्रोग्राम लोड करता येत होताच, मग नक्कल काढणं आणि लोड करणं एकत्र कशाला करा.

आणि मग गंमत झाली. फोर्क चालू झाला, सगळे खूश, आणि डिरेक्टरी बदलायची कमांड बंद पडली. कोड वाचून वाचून थकले तरी सापडेना की फोर्कने ती कशी काय बिघडवली. नंतर लक्षात आलं की बिघडलेलं काहीच नाही. आता प्रत्येक कमांड नव्या प्रोसेसमध्ये चालते ना, तर ती नवी प्रोसेस इमानदारीत स्वतःची डिरेक्टरी बदलते आणि लगेच मरून जाते, शेल बिचारा होता तिथेच. म्हणून डिरेक्टरी बदलणं शेलच्या आतच ठेवावं लागलं. आजही तुमच्या मशीनवर सीडी (डिरेक्टरी बदलायची कमांड) ही शेलची आतली कमांड आहे त्याचं कारण हे, आणि इंटरव्ह्यूमध्ये हा प्रश्न विचारला की अर्धे लोक गडबडतात.

दुसरी अडचण जास्त खोल होती. फाइलमध्ये आपण कुठपर्यंत वाचलं किंवा लिहिलं हा आकडा तेव्हा प्रोसेसच्या स्वतःच्या माहितीत ठेवलेला असायचा. एका स्क्रिप्टमध्ये दोन कमांड एकामागोमाग आहेत आणि सगळ्याचं आउटपुट एका फाइलमध्ये वळवलंय असं धरा. पहिल्या कमांडची प्रोसेस लिहिते, तिचा आकडा पुढे सरकतो, ती मरते, आकडा तिच्याबरोबर जातो. दुसऱ्या कमांडला शेलकडून मिळतो तो जुना शून्य, ती पुन्हा पहिल्यापासून लिहिते आणि आधीचं पुसून टाकते. उपाय म्हणून उघडलेल्या फाइलींचं एक वेगळं टेबल सिस्टीममध्ये आणलं, आकडा तिथे, आणि आई-मुलाच्या दोन्ही प्रोसेस त्याच नोंदीकडे बोट दाखवणार. आज लिनक्समध्ये फाइल डिस्क्रिप्टर (प्रोसेसकडचा उघडलेल्या फाइलचा नंबर), त्याच्या मागे उघडलेल्या फाइलची नोंद, आणि तिच्या मागे आयनोड (डिस्कवरच्या फाइलची नोंद) अशी जी तीन पायऱ्यांची रचना आहे, जी शिकताना प्रत्येकाला वाटतं की एवढं कशाला वाढवून ठेवलंय, तिच्या मधल्या पायरीचं मूळ हे आहे. कल्पना उसनी आणली आणि तिने घरातलं बाकीचं सामान हलवायला लावलं. उसनवारी फुकट कधीच नसते.

पाइपचंही तसंच, म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याचं इनपुट बनवायची सोय. बेल लॅब्सचा डग मॅकिलरॉय 1964 पासून सांगत होता की प्रोग्राम एकमेकांना बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे जोडता आले पाहिजेत, पण युनिक्समध्ये पाइप आले 1972-73 च्या सुमारास. डार्टमथच्या टाइम-शेअरिंग सिस्टीममध्ये याच्या अगदी जवळची सोय आधीच होती, हेही रिचीने मान्य केलंय. मग पाइपचं श्रेय युनिक्सला का मिळतं? कारण तिथे ती एका चिन्हाएवढी सोपी झाली. आठवड्याला एकदा वापरली जाणारी सोय आणि मिनिटाला एकदा वापरली जाणारी सोय यांचा कोड एकसारखा असला तरी परिणामात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता कल्पना "पडून राहतात" म्हणालो ते कसं ते बघा. व्हर्च्युअल मेमरी घ्या. 1962 मध्ये मँचेस्टरला ॲटलस नावाचं मशीन सुरू झालं, टॉम किलबर्नच्या टीमचं. त्यात कोअर (मुख्य) मेमरी 16 के शब्दांची आणि मागे ड्रम (फिरणारा चुंबकीय साठा) 96 के शब्दांचा. प्रोग्रामरला दोन्ही मिळून एकच मेमरी दिसायची, पानाचा आकार 512 शब्द, हवं ते पान कोअरमध्ये नसलं की इंटरप्ट (प्रोसेसरला मधेच थांबवणारा इशारा) येणार, सुपरवायझर (आजच्या भाषेत कर्नल) ड्रमवरून ते आणणार, जागा नसेल तर कुठलं पान बाहेर टाकायचं हे ठरवणारा प्रोग्रामही त्यातच होता. आज तुमच्या फोनमध्ये पेज फॉल्ट आला की हेच होतं. साठ वर्षांत पानांचं टेबल अनेक पातळ्यांचं झालं, टीएलबी (प्रोसेसरमधली पत्त्यांची जलद नोंदवही) मोठे झाले, पान बदलण्याचे अल्गोरिदम सुधारले, पण मूळ चौकट तीच राहिली. तरीही घराघरातल्या पीसीवर ती पोचायला तीस वर्षं गेली, कारण स्वस्त मायक्रोप्रोसेसरमध्ये त्यासाठी लागणारं हार्डवेअरच नव्हतं.

व्हर्च्युअल मशीनची कथा याहून मजेशीर आहे. आयबीएमच्या केंब्रिजमधल्या सेंटरने 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात सीपी-40 आणि मग सीपी-67 केली, प्रत्येक युजरला वाटायचं की पूर्ण मशीन माझंच आहे. 1972 मध्ये तेच व्हीएम/370 म्हणून विकायला आलं. 1974 मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी प्रोसेसर कसा असला की त्यावर व्हर्च्युअल मशीन नीट चालवता येतं याच्या अटीही लिहून टाकल्या. म्हणजे विषय संपल्यात जमा. आणि मग जगभर पसरला तो एक्स86 (पीसीमधला इंटेल घराण्याचा प्रोसेसर), जो या अटी पाळत नव्हता. उदाहरणार्थ फ्लॅग रजिस्टर परत भरणारी एक सूचना आहे, ती युजर मोडमध्ये चालवली आणि तिने इंटरप्ट बंद करायचा प्रयत्न केला तर प्रोसेसर ट्रॅप देत नाही (कर्नलला जागं करत नाही), गपचूप दुर्लक्ष करतो. पाहुण्या (व्हर्च्युअल मशीनमधल्या) ओएसला वाटतं इंटरप्ट बंद झाले, होस्टला (खालच्या खऱ्या सिस्टीमला) काही कळतच नाही, पुढे काय गोंधळ होईल तो होवो. 1999 मध्ये व्हीएमवेअरने यावर तोडगा काढला तो पाहुण्या कर्नलचा कोड चालता चालता बदलून लिहिण्याचा. नवीन काम होतं ते हे! व्हर्च्युअल मशीन जुनंच, पण ज्या प्रोसेसरवर ते बसायलाच नको होतं त्यावर बसवून दाखवलं. 2005-06 मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय दिली, लगोलग 2007 मध्ये लिनक्समध्ये केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) आलं, आणि मेनफ्रेमवाले (आयबीएमच्या मोठ्या मशीनवाले) म्हणायला मोकळे झाले की हे आमच्याकडे केव्हापासून आहे. ते असं बऱ्याच गोष्टींबद्दल म्हणतात, आणि वैताग येतो खरा, पण बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.

कंटेनरबद्दल, म्हणजे एकाच कर्नलवर प्रोग्रामला वेगळं कोंडून चालवण्याबद्दल, तर लोक अजून भांडतात. 1979 च्या युनिक्समध्ये सीएच-रूट होतं, प्रोसेसला फाइल सिस्टीमचं मूळच वेगळं दाखवायचं. 2000 साली फ्रीबीएसडीमध्ये जेल आलं, मग सोलॅरिसमध्ये झोन, लिनक्समध्ये 2002 पासून एकेक नेमस्पेस (प्रोसेसला सिस्टीमचा वेगळा देखावा) येत गेले ज्यांची प्रेरणा प्लॅन 9 ची (ती पुढे येईल), 2008 मध्ये सी-ग्रुप (मेमरी, प्रोसेसर किती वापरायचा याची मर्यादा). आणि 2013 मध्ये डॉकर. कर्नलच्या बाजूने बघितलं तर डॉकरने जवळपास काहीच नवीन केलं नाही. पण इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइली) थरांमध्ये बांधायची, तिला नाव द्यायचं, एका कमांडने ओढून आणायची, हे जे वरचं पॅकिंग होतं त्यानेच सगळा फरक पाडला. "हे तर जेलच आहे" म्हणणारे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते आणि तरी त्यांना मुद्दा कळला नव्हता असं माझं मत आहे.

जुनी कल्पना भलत्या जागी बसवणं म्हणालो त्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण अँड्रॉइडचं आहे. युनिक्समध्ये प्रत्येक माणसाला एक युजर आयडी, कारण एका मशीनवर अनेक माणसं, आणि एकाने दुसऱ्याच्या फाइली वाचू नयेत. फोन तर एकाच माणसाचा. मग त्या सगळ्या यंत्रणेचं करायचं काय? अँड्रॉइडवाल्यांनी प्रत्येक ॲपलाच वेगळा युजर बनवून टाकलं. ॲप इन्स्टॉल झालं की त्याला 10000 च्या पुढचा एक युजर आयडी मिळतो, आणि मग बँकेच्या ॲपची फाइल गेमला वाचता येत नाही ती अगदी त्याच कारणाने, ज्या कारणाने 1970 च्या दशकात शेजारच्या टर्मिनलवरच्या माणसाला तुमची फाइल वाचता यायची नाही. कर्नलमधली तपासणी तीच. फोन कॉम्प्युटरला जोडून प्रोसेसची यादी काढा, पहिल्या कॉलममध्ये यू-शून्य आणि पुढे ए आणि आकडा अशी नावं दिसतील, ते हे "युजर". गृहीतक मात्र पूर्ण उलटं झालंय. तेव्हा धोका दुसऱ्या माणसाकडून होता आणि प्रोग्राम आपल्या बाजूने होता, आता माणूस एकच आहे आणि संशय प्रोग्रामवर आहे. त्यामुळे युजर आयडी पुरत नाही, वरून परमिशनचे डायलॉग लागतात, एसई-लिनक्स (कर्नलमधले जास्तीचे सुरक्षा नियम) लागतं, सिस्टीम कॉल गाळणारे फिल्टर लागतात. उसन्या कल्पनेने काम भागतं पण नेमकं कुठे कमी पडतं तेही लगेच दिसतं.

याच्या उलट बाजूला निव्वळ ओझं आहे. लिनक्सवर टर्मिनल उघडून एसटीटीवाय कमांड हायफन-ए लावून चालवा, पहिल्याच ओळीत बहुधा वेग 38400 बॉड (जुन्या वायरींवरच्या वेगाचं एकक) दिसेल. कसला वेग? मधे वायर नाही, मॉडेम नाही, सगळं मेमरीतल्या मेमरीत. पण कर्नलला वाटतंय की पलीकडे टेलिटाइप (वायरने जोडलेला टाइपरायटर) बसलंय, आणि जोपर्यंत प्रत्येक शेल, प्रत्येक एडिटर त्याच इंटरफेसवर अवलंबून आहे तोपर्यंत कर्नलने तसं वाटून घेणंच भाग आहे. तुम्ही कंट्रोल-सी दाबता तेव्हा प्रोसेसला सिग्नल जातो तोही याच टेलिटाइपच्या कोडमधून.

विंडोजमध्ये असंच आहे. विंडोज 10 मध्ये ए-यू-एक्स नावाची टेक्स्ट फाइल बनवून बघा, बनणार नाही. कारण डॉसच्या (मायक्रोसॉफ्टची विंडोजआधीची ओएस) पहिल्या आवृत्तीत डिरेक्टरीच नव्हत्या, म्हणून डिव्हाइसची नावं ही जणू सगळीकडे हजर असलेल्या फाइलींची नावं होती, कन्सोल, प्रिंटर, वगैरे, आणि पुढे एक्स्टेंशन लावलं तरी ते डिव्हाइसच धरायचे. ती पद्धत आणि ड्राइव्हची अक्षरं डॉसने सीपी/एम या आधीच्या ओएसच्या वळणावर उचलली. 1983 च्या डॉस 2.0 मध्ये युनिक्सकडून डिरेक्टरीचं झाड घेतलं खरं, पण तोपर्यंत सरळ तिरपी रेघ कमांडच्या पर्यायांसाठी वापरून झाली होती, म्हणून उलटी तिरपी रेघ आली. आज प्रत्येक प्रोग्रामरला स्ट्रिंगमध्ये ती दोनदा लिहावी लागते आणि प्रत्येक जण एकदा तरी शिव्या घालतो. आणि मौज अशी की त्या वरच्या पापुद्र्याखालची एनटी, म्हणजे आजच्या विंडोजचा गाभा, ही फार वेगळ्या घराण्यातली आहे. डेव्ह कटलर डेक कंपनीत व्हीएमएस या ओएसवर काम करून 1988 मध्ये मायक्रोसॉफ्टला आला, 1993 मध्ये एनटी बाहेर आली, आणि व्हीएमएस माहीत असलेल्या माणसाला तिच्या आत बरंच ओळखीचं दिसतं. मॅकचंही तसंच, 1980 च्या दशकात कार्नेगी मेलनमध्ये झालेला माक कर्नल, त्याला बीएसडी (बर्कलीचं युनिक्स) जोडलेलं, नेक्स्ट कंपनीमार्गे ॲपलकडे पोचलं आणि आज आयफोनमध्येही तेच आहे. कल्पना पेपरमधून जेवढ्या फिरतात तेवढ्याच माणसांच्या नोकऱ्या बदलण्यातून फिरतात असं मला वाटतं.

मग कुणी खरंच सगळं नीट पुन्हा मांडायचा प्रयत्न केला नाही का? केला, आणि तोही युनिक्स करणाऱ्यांनीच. बेल लॅब्सची प्लॅन 9, 1992 मध्ये विद्यापीठांना दिली. त्यात सगळं खरोखर फाइल, नेटवर्कसुद्धा, विंडोसुद्धा, आणि प्रत्येक प्रोसेसला स्वतःचं वेगळं फाइलींचं झाड. डिझाईन म्हणून युनिक्सपेक्षा सरस, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण युनिक्स पुरेशी चांगली होती आणि लोकांचे प्रोग्राम तिच्यावर चालत होते, विषय संपला. तरी प्लॅन 9 चे तुकडे बघा कुठे कुठे पोचले. यूटीएफ-8 (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर 1992 मध्ये तिच्यासाठीच केलं, म्हणजे तुम्ही आत्ता ही देवनागरी वाचताय ती बहुतेक त्याच एन्कोडिंगमधून तुमच्यापर्यंत आलीय. तिचा 9पी प्रोटोकॉल व्हर्च्युअल मशीन आणि होस्ट यांच्यात फाइली वाटून घ्यायला वापरतात, विंडोजच्या एक्सप्लोररमधून डब्ल्यूएसएलमधल्या (विंडोजवर लिनक्स चालवायची सोय) लिनक्सच्या फाइली दिसतात त्याच्या मागेही तोच. अख्खी सिस्टीम हरली आणि सुटे भाग जिंकले.

"काहीच नवीन नसतं" असं मात्र मी म्हणणार नाही, ते आळशी वाक्य आहे. सेट-यूआयडी बिट घ्या, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नाही तर मालकाच्या अधिकाराने चालावा, त्यावर रिचीच्या नावावर पेटंट आहे, 1973 मध्ये अर्ज आणि 1979 मध्ये मंजूर. (त्याने नंतर सुरक्षेच्या किती भानगडी उभ्या केल्या तो वेगळा विषय.) किंवा एसईएल4 घ्या, 2009 मध्ये ऑस्ट्रेलियात या मायक्रोकर्नलचा (कमीत कमी काम आत ठेवणारा कर्नल) साधारण 8,700 ओळींचा सी कोड त्याच्या स्पेसिफिकेशनप्रमाणेच वागतो हे मशीनने तपासलेल्या गणिती सिद्धतेने दाखवलं, सर्वसाधारण वापराच्या पूर्ण कर्नलसाठी हे आधी कुणी केलं नव्हतं. पण त्याच कर्नलमध्ये अधिकार कसे वाटलेत बघायला गेलात तर केपॅबिलिटी (अधिकाराची जणू किल्ली), 1966 ची डेनिस आणि व्हॅन हॉर्न यांची. मेसेज पाठवायची पद्धत लीडकेच्या एल4 या मायक्रोकर्नलवरून आलेली. माझ्या मते म्हणूनच सिद्धता जमली, कारण त्यांनी नवेपणाचा सगळा जोर एकाच जागी लावला आणि बाकी सगळं पारखून घेतलेलं वापरलं.

आता दुसरा भाग, तुमची ओएस. शिकण्यासाठी लिहिणार असाल तर बेधडक लिहा, त्याला परवानगी लागत नाही. पण "युनिक्ससारखं काहीच नको" अशी अट घालून बसू नका, कारण ती अट कर्नलमध्ये फारशी नडत नाही, नडते नंतर. कर्नल उभा राहिला की पहिला प्रश्न, यावर चालवायचं काय? कंपायलर हवा, शेल हवा, एडिटर हवा, आणि या सगळ्यांना फाइल, प्रोसेस, सिग्नल हेच कळतं. मग तुम्ही एक जुळवून घेणारा थर लिहायला घेता आणि बघता बघता तोच मूळ कर्नलपेक्षा मोठा होतो. मोठ्या कंपन्यांचीही यातून सुटका नाही. मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये डब्ल्यूएसएलच्या पहिल्या आवृत्तीत लिनक्सचे सिस्टीम कॉल एनटीवर भाषांतर करून चालवले, काम भारी होतं, पण फाइलींचा वेग आणि बारीकसारीक वागणूक जुळवता जुळवता नाकी नऊ आले आणि 2019 मध्ये दुसरी आवृत्ती जाहीर केली तिच्यात सरळ खरा लिनक्स कर्नल व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवला. गूगलच्या फुक्शियाचा कर्नल लिनक्स नाही, तरी तिथेही लिनक्सचे प्रोग्राम चालवण्यासाठी स्टारनिक्स नावाचा थर लिहावा लागला. आणि ड्रायव्हरबद्दल मी बोलतच नाही, ते माझं रोजचं दुखणं आहे.

त्यामुळे माझा सल्ला विचाराल तर आधी एमआयटीची एक्सव्ही6 घ्या. 1975 च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सचं ते शिकवण्यासाठी नव्याने लिहिलेलं रूप आहे, आता रिस्क-व्ही प्रोसेसरवर चालतं, कोड एवढा लहान आहे की खरंच पूर्ण वाचून होतो. वाचताना प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा की हे असं कुठल्या मशीनच्या कुठल्या अडचणीमुळे झालं आणि ती अडचण आता उरलीय का. मग त्यात एकच गोष्ट बदला: फोर्क. एक्सव्ही6 चा फोर्क अजून सगळी मेमरी खरोखर कॉपी करतो. तिथे कॉपी-ऑन-राइट आणा, जे टेनेक्स या ओएसने 1970 च्या आसपासच केलं होतं आणि जे नव्हतं म्हणून बर्कलीवाल्यांना 1979 मध्ये व्ही-फोर्क नावाचा जुगाड करावा लागला. दोन्ही प्रोसेसच्या टेबलात पानं रीड-ओन्ली करा, पीटीईमधल्या (पानांच्या टेबलातली एक नोंद) सॉफ्टवेअरसाठी राखलेल्या बिटांपैकी एक खूण म्हणून वापरा, प्रत्येक पानाला किती जण वापरतायत याचा आकडा ठेवा, लिहिताना फॉल्ट आला की तेव्हाच कॉपी करा आणि आकडा शून्य झाला की पान सोडा. एवढं करून बऱ्याच जणांचं साधं टेस्ट चालतं आणि पाइपमधून वाचणारं टेस्ट फसतं. कारण रीडसारख्या कॉलमध्ये युजरच्या पानावर कर्नल लिहितो, आणि एक्सव्ही6 मध्ये तो पत्ता सॉफ्टवेअरने टेबल चालून काढतो, त्यामुळे तिथे हार्डवेअरचा फॉल्ट येतच नाही. युजरच्या मेमरीत लिहिणाऱ्या कॉपीआउट फंक्शनमध्ये तीच तपासणी हाताने घाला, मग चालेल.